छत ठोकून पाहणारी बाई

आम्हा ठाणेकरांना मानसोपचार म्हटलं की आधी आपल्याच गावावरचा विनोद आठवतो. कोणी जरा विचित्र वागलं की अख्खा महाराष्ट्र म्हणतो, 'याला ठाण्याला न्या.' मनोरुग्णालय १९०१ पासून आमच्याकडे आहे, त्याचा हा मान. सासरच्या लग्नकार्यांत तर मला हमखास ऐकावं लागायचं, 'तुमचं बरं आहे बाई, रिक्षानेच जाता येईल.' मीही हसायचे. त्यामुळे फॅमिली डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांच्या नावाची चिठ्ठी दिली तेव्हा ती घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात गेली आणि दिवाळीपर्यंत तिथेच राहिली.

घटना थोडक्यात सांगते, कारण लिहायचंय ते नंतरच्या उपचाराबद्दल. कोपरीतली आमची इमारत जुनी, तळमजल्यावर आणखी तीन मजले. आम्ही दुसऱ्यावर. जुलैतली दुपार, दोन दिवस पाऊस थांबलेला नव्हता. तळमजल्यावरच्या काकू वाटी परत द्यायला आल्या होत्या. मी म्हटलं, "बसा ना काकू, चहा टाकते." मी ओट्यापाशी उभी असताना वरच्या मजल्याच्या हॉलचा स्लॅब आमच्या हॉलमध्ये आला. मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले आणि चौकटीत अडकले; खांद्याचं हाड मोडलं. काही वेळ काकूंचा आवाज येत होता. मग तो थांबला. अग्निशमन दल आणि आपत्ती दलाच्या माणसांनी मला बाहेर काढलं, काकूंनाही काढलं. काकू गेल्या होत्या.

पहिले काही आठवडे सगळे म्हणायचे, मी फार धीराने घेतलं. खरं म्हणजे मला काही वाटतच नव्हतं. पोलिसांना जबाब दिला. महापालिकेच्या अभियंत्याला कुठे पोपडे पडत होते, कुठे ओल होती ते सांगितलं. भेटायला आलेल्या प्रत्येकाला तीच हकिकत त्याच शब्दांत ऐकवली, पतपेढीच्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचून दाखवते तशी. नोकरी तीच आहे माझी, नौपाड्यातल्या एका पतपेढीत हिशेब बघायची.

आम्ही मानपाड्याला भाड्याच्या घरात गेलो आणि तिथे हे सगळं सुरू झालं. नवी इमारत, सातवा मजला, हॉलला पांढरंशुभ्र पीओपी. रात्री घरातले झोपले की मी झाडूच्या दांड्याने छत ठोकून पाहायचे. एका कोपऱ्यापासून सुरुवात, स्टुलावर चढून, फूटभर पुढे सरकत. हॉलचं फॉल्स सीलिंग पोकळ वाजणारच, हे मला कळत होतं. तरी प्रत्येक पोकळ आवाजाला पोटात खड्डा पडायचा. बेडरूमच्या छताला नुसता गिलावा, तिथे ठोकलं की वरच्यांना ऐकू जायचं. त्यांनी वॉचमनकडे तक्रार केली की सहाव्या-सातव्या मजल्यावर कोणीतरी रात्री फर्निचरचं काम करतंय. वॉचमन विचारायला आला तेव्हा मी साळसूदपणे म्हटलं, हो ना, आम्हालाही आवाज येतो.

झोपायचे बेडरूमच्या दारात, अर्धी आत, अर्धी बाहेर, कारण मी वाचले ती चौकटीमुळे. ऑफिसात दुपारचा डबा टेबलावर खाणं बंद केलं. डबा घेऊन तलावपाळीवर जायचे, मासुंदा तलावाच्या कठड्याशी बसून खायचे. वर आभाळ असलं की घास उतरायचा. सहकारी म्हणायच्या, हिला हवा मानवली. घोडबंदर रोडवर तेव्हा जागोजाग मेट्रोचं काम, ब्रेकर चालू झाला की मी टीएमटीच्या बसमधून मिळेल त्या स्टॉपला उतरायचे आणि उरलेलं अंतर चालत. कोणाच्या हातून फाइल पडली तरी किंचाळायचे. लेकीवर उगाच ओरडायचे. तिला चांगले मार्क मिळाले, पेढे आणले, वाटले, आणि आत काही म्हणता काही हललं नाही. त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

आणि चहा. मी चहा टाकणं बंद केलं होतं. घरात सांगितलं, ॲसिडिटी झालीय, चहा सोडलाय. मग बाकीच्यांचा चहा कोण करणार? नवरा करायला लागला. तो बिचारा चहा शिकला, हा या प्रकरणातला एकमेव निव्वळ नफा.

सासूबाईंनी पहिल्यांदा ओळखलं. त्या मूळच्या उमरग्याकडच्या. एका रात्री पाणी प्यायला उठल्या आणि मला दारात आडवी बघून तिथेच खाली बसल्या. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, माणसं दमून झोपलेली, आणि दगडमातीच्या भिंती नि माळवदं अंगावर आली. त्यांचं माहेरचं घर तडकलं, माणसं वाचली. "आमची आई पत्र्याच्या शेडातून घरात यायलाच तयार नव्हती," त्या म्हणाल्या. "नवीन घर बांधलं तरी अंगणात झोपायची. थंडीतबी. लोक म्हणायचे, धसका घेतलाय, जाईल आपोआप. गेला नाही. तिला कुणी दाखवलंच नाही. तू दाखव बघ."

तरीही मी लगेच गेले नाही, आधी झोपेच्या गोळीने भागतंय का ते पाहिलं. जवळच्या एका दवाखान्यातून क्लोनाझेपाम मिळाली होती. झोप लागायची, पण सकाळी डोकं जड आणि स्वप्नं तीच. मग दिवाळीतल्या एका रात्री खाली सुतळी बॉम्ब फुटला आणि मी स्वयंपाकघराच्या चौकटीत जी बसले ती उठेना. नवऱ्याने 'टेलिमानस'चा १४४१६ लावला. केंद्र सरकारची ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पलीकडच्या बाई उपदेश करत बसल्या नाहीत. पाय जमिनीला लागलेत का, समोर काय दिसतंय, त्यातल्या निळ्या वस्तू कुठल्या, असं विचारत राहिल्या. मी निळा डबा, निळं फडकं, गॅसची निळी नळी असं सांगत गेले. शेवटी त्यांनी विचारलं, उद्या कोणाला दाखवणार आहात? तेव्हा ती चिठ्ठी पर्समधून निघाली.

मानसोपचारतज्ज्ञांनी पहिल्या भेटीत एक प्रश्नावली दिली. वीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ऐंशी. गेल्या महिनाभरात नको असताना आठवणी येतात का, त्या प्रसंगाची आठवण करून देणारी ठिकाणं टाळता का, स्वतःला दोष देता का, जवळच्यांपासून तुटल्यासारखं वाटतं का, सारखं सावध राहता का, दचकता का. वाचताना वाटलं, माझ्या घरात कोणी लपून बसलं होतं की काय. साधारण एकतीस-तेहतीसच्या वर गुण गेले तर नीट तपासायला हवं, असा त्याचा अंदाज असतो. मी पन्नाशीच्या पुढे होते. डॉक्टर म्हणाले, नुसत्या गुणांवर निदान होत नाही, आणि मग तासभर विचारपूस केली. दारू, थायरॉइड, आधीचं काही, जीव द्यावासा वाटतो का, सगळं. शेवटी म्हणाले, पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मनाला जडणारा आजार.

मी म्हटलं, ते सैनिकांना होतं ना? ते म्हणाले, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत हे नाव १९८० मध्ये आलं, तेव्हा व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांची चर्चा होती हे खरं. पण अपघात, पूर, बलात्कार, भूकंप, काहीही पुरतं. जीव जाताना बघितला किंवा स्वतःचा जाता जाता राहिला, की ज्याला व्हायचं त्याला होतं. पहिला महिनाभर असा त्रास बहुतेकांना होतो आणि पुष्कळांचा आपसूक ओसरतो. महिन्यानंतरही राहिला आणि रोजचं जगणं अडायला लागलं, की उपचार.

झोपेच्या गोळीवर मात्र ते नाखूश होते. तिच्याने झोप येते, दुखणं हलत नाही, वर सवय लागते. आघातानंतर पहिल्या महिन्यात अशा गोळ्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ मध्ये सांगून ठेवलंय म्हणे. एकदम बंद करू नका, असं बजावून त्यांनी ती अर्धी, मग पाव करत उतरवली. जोडीला सर्ट्रालीन ही नैराश्य-चिंतेवरची गोळी सुरू केली, आधी २५ मिलिग्रॅम, मग ५०. पहिल्या आठवड्यात मळमळ, पोट बिघडलेलं. मी फोन करून म्हटलं, ही गोळी मला लागू पडत नाही. डॉक्टर शांतपणे म्हणाले, पोटाचं आठवड्यात जाईल, मनाचं चार-सहा आठवड्यांनी कळेल, तोवर घेत राहा. झालंही तसंच. गोळीने छत विसरायला झालं नाही. पण किंचाळण्याआधी अर्धा क्षण मिळायला लागला, आणि त्या अर्ध्या क्षणात पुष्कळ काही करता येतं.

मुख्य काम पुढे होतं, मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक ईएमडीआर, म्हणजे आठवण मनात धरून डोळे किंवा लक्ष डावी-उजवीकडे हलवत नेण्याची पद्धत. फ्रान्सिन शपिरो या बाईंनी ती १९८७ च्या सुमारास सुरू केली. दुसरी एडना फोआ यांनी बसवलेली, जिच्यात प्रसंग पुन्हा पुन्हा सांगायचा आणि टाळलेल्या गोष्टी क्रमाने करायच्या. दोन्हींना संशोधनाचा आधार आहे. मी दुसरी घेतली. डोळे हलवून बरं वाटेल यावर माझा विश्वास बसेना, आणि हिशेबाच्या माणसाला पुन्हा पुन्हा तेच तपासण्याची सवय असते. अर्थात ही माझी आवड झाली. ऑफिसातल्या एकीच्या भावाला ईएमडीआरने फरक पडला.

मॅडमनी आधी यंत्रणा समजावली. छत ठोकलं की लगेच बरं वाटतं, म्हणून उद्या पुन्हा ठोकावंसं वाटतं. छत पडत नाही, पण त्याचं श्रेय इमारतीला न जाता झाडूला जातं. तलावपाळीवर डबा खाल्ला की 'बाहेर बसले म्हणून वाचले' असं आत कुठेतरी नोंदवलं जातं. टाळण्यातून भीती जगते. आणि तो प्रसंग मी कितीही लोकांना सांगितला असला तरी मनात तो मागच्या तारखेला गेलेलाच नाही, शरीराला तो आत्ता चालू वाटतो. मी विचारलं, म्हणजे विसरायचं कसं ते शिकवणार? त्या म्हणाल्या, "नाही हो ताई, विसरण्याचा प्रयत्न तर तुम्ही इतके महिने करताय."

नव्वद मिनिटांचं सत्र. डोळे मिटायचे आणि त्या दुपारची गोष्ट वर्तमानकाळात सांगायची, आत्ता घडतेय अशी. 'मी चहा टाकला' नाही, 'मी चहा टाकतेय'. एवढ्याने इतका फरक पडेल असं मला वाटलं नव्हतं. जबाब देताना मी भूतकाळाच्या आड उभी होते. 'टाकतेय' म्हटल्याबरोबर हातात साखरेचा डबा आला, ओल्या भिंतीचा वास आला. दर पाच मिनिटांनी मॅडम विचारायच्या, किती? शून्य म्हणजे पूर्ण शांत, शंभर म्हणजे याहून वाईट काही नाही. मी पंच्याऐंशी म्हणायचे, नव्वद म्हणायचे, आणि एकदा म्हटलं, "तुमच्या शंभराच्या पुढे आकडे आहेत का?" त्या म्हणाल्या, "पुढे सांगा. काकू काय करतायत?"

शेवटापर्यंत गेलं की पुन्हा पहिल्यापासून. एका सत्रात दोनदा, तीनदा. सगळं रेकॉर्ड व्हायचं आणि घरी रोज ते ऐकायचं. हा गृहपाठ मला उपचारातला सगळ्यात छळवादी भाग वाटला. स्वतःचा रडका आवाज इयरफोन लावून ऐकत बेडरूममध्ये बसायचं, बाहेर लेक पास्ता करतेय, कुकरची शिट्टी होतेय. सुरुवातीच्या दिवसांत स्वप्नं वाढली, चिडचिड वाढली. नवरा म्हणाला, हे बरं करतायत की बिघडवतायत? मॅडमनी हे आधीच सांगून ठेवलेलं होतं, नाहीतर मी तिथेच सोडलं असतं. ज्यांना कोणाला हे करायचं असेल त्यांनी घरच्यांनाही आधी सांगून ठेवावं, कारण आपण डळमळतो तेव्हा ते आपल्या आधी डळमळतात. आणि हे आपलं आपण मोबाइलवर रेकॉर्ड करून घरी करायचं काम नव्हे. शिकलेलं माणूस समोर हवं.

मग हळूहळू ते कंटाळवाणं व्हायला लागलं. खोटं नाही सांगत. एका दुपारी मी रेकॉर्डिंग ऐकता ऐकता दुधाचा हिशेब आठवला आणि मध्येच वही काढली. पुढच्या सत्रात ओशाळून सांगितलं तर मॅडम खुश झाल्या. मग त्यांनी पद्धत बदलली. पूर्ण गोष्ट नको, सगळ्यात जळजळीत असेल तेवढाच तुकडा. माझा तुकडा म्हणजे चौकटीत अडकल्यावर काकूंचा आवाज येत होता ती काही मिनिटं. माझ्या आठवणीत त्यात एकच वाक्य होतं, माझं: "आलेच काकू, आलेच." मी जात मात्र नव्हते. इतके महिने रात्री तेच वाक्य ऐकू यायचं.

तो तुकडा सावकाश, पुन्हा पुन्हा. हात कुठे आहे? डावा खाली दबलाय, उजवा मोकळा. उजव्याने काय करताय? आणि एके दिवशी तोंडून निघालं, "मी गॅसचं बटण बंद करतेय." मी गप्प झाले. चहा उतू गेला होता, ज्योत विझली होती आणि वास येत होता, म्हणून मी हात लांबवून रेग्युलेटर बंद केला होता. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण मलाच ठाऊक नव्हतं. मॅडमनी विचारलं, कसं सुचलं? तेव्हा दुसरं वाक्य आलं. काकू म्हणाल्या होत्या, "अगं, आधी गॅस बंद कर."

त्या दिवशी मी खूप रडले, पण वेगळं. निघताना मॅडम म्हणाल्या, आठवण म्हणजे रेकॉर्डिंग नसतं, कोर्टात शपथेवर सांगण्याइतकं ते अचूक असेलच असं नाही. ते मला मान्य आहे. पण काकूंना ओळखणाऱ्या कोणालाही विचारा, हे वाक्य त्यांचंच आहे.

दोषाचं काम वेगळं निघालं. 'मी बसा म्हटलं म्हणून त्या गेल्या,' हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. मॅडमनी समजूत घातली नाही. समजूत घालणारे मला घरबसल्या मिळत होते. त्यांनी कोरा कागद पुढे केला आणि म्हणाल्या, जबाबदारी शंभर रुपयांची धरा आणि खात्यांवर टाका. तुमचं खातं सगळ्यात शेवटी. हे मला जमणारं काम. पाऊस. गंजलेल्या सळ्या; सळई गंजली की फुगते, काँक्रीटला आतून तडे देते आणि पाण्याला नवी वाट करून देते, हे तोवर मी अभियंत्याकडून पाठ केलं होतं. तिसऱ्या मजल्यावरची गळती, जी दोन वर्षं सगळ्यांना माहीत होती. जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पावसाळ्यानंतर बघू म्हणणारी सोसायटीची सभा. त्या सभेत 'पावसाळ्यानंतर'चा आग्रह सगळ्यात जास्त धरणारे काकूंचे यजमान होते. त्यांच्या नावापुढे आकडा टाकताना माझं पेन थांबलं. मॅडम म्हणाल्या, घाई नाही. शेवटी माझ्या खात्यावर फारसं काही उरेना. मी दोनदा बेरीज तपासली. चूक निघेना, याचा चक्क रागच आला.

गृहपाठाचा दुसरा भाग टाळलेल्या गोष्टींचा. यादी केली, प्रत्येकीपुढे भीतीचे गुण, कमीपासून जास्तीकडे. डबा टेबलावर खाणं, तीस गुण. छत एक रात्र न ठोकणं, साठ. बेडवर झोपणं, सत्तर. डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात बाल्कनीच्या खालच्या रांगेत बसून पूर्ण नाटक बघणं, पंच्याहत्तर. नाटक विनोदी होतं, मला त्यातलं अक्षर आठवत नाही, बाल्कनीची खालची बाजू मात्र आजही काढून दाखवीन. चहा टाकणं, ऐंशी. आणि तळाशी शंभरावर, काकूंच्या लेकीला भेटणं.

नियम असा की भीती अर्ध्यावर येईपर्यंत तिथेच थांबायचं, निदान अर्धा-पाऊण तास, मध्ये पळायचं नाही. मॅडमनी एक गोष्ट मात्र स्पष्ट केली, खरोखर धोक्याच्या छताखाली बसणं याला उपचार म्हणत नाहीत. म्हणून यादीत आमची जुनी इमारत नव्हती. महापालिका दरवर्षी पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी काढते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. सी-२बी म्हणजे राहत्या माणसांसह दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. माझी भीती सरसकट सगळ्या छतांना सी-१ ठरवत होती. खरं काय ते बघायला मी मानपाड्याच्या सोसायटीच्या ऑफिसात जाऊन इमारतीचे कागद मागितले. सेक्रेटरी म्हणाले, भाडेकरू कशाला बघतात? मी म्हटलं, "काका, दाखवा, नाहीतर रात्री ठोकते." त्यांना काही कळलं नाही.

छत न ठोकण्याची रात्र फार वाईट गेली. दुसरी जरा कमी. मग एका रात्री ठोकायचं राहूनच गेलं, ते सकाळी लक्षात आलं.

सरळ रेषेत बरं होत नाही, हे सगळे सांगतात, पण घसरल्यावर ते आठवत नाही. पुढच्या जूनमध्ये वर्तमानपत्रात धोकादायक इमारतींची यादी छापून आली, पहिला जोराचा पाऊस आला, आणि मी पुन्हा दारात आडवी. मला वाटलं, गेलं सगळं पाण्यात. मॅडमनी पुन्हा प्रश्नावली भरायला लावली, गुण वाढले होते, पण सुरुवातीच्या निम्म्यावरही नव्हते. जुनं रेकॉर्डिंग पुन्हा काही दिवस ऐकलं, यादीतल्या मधल्या दोन-तीन गोष्टी पुन्हा केल्या. पागोळ्या थांबायच्या आत मी बेडवर होते.

पैशाचंही सांगायला हवं, कारण त्याबद्दल कोणी बोलत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं असं कलम आहे, २१(४). मी ते छापून घेऊन दावा करायला गेले. कलम बरोबर होतं, पण माझी पॉलिसी रुग्णालयात भरती झाल्यावरच पैसे देणारी, आणि बसून बोलण्याच्या उपचाराला भरती लागत नाही. ओपीडीचा खर्च कोणत्याच आजारासाठी नव्हता, म्हणजे समानता पाळली गेली होती म्हणायची. दर आठवड्याचं सत्र खिशातून. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जावं. आमच्या मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे, तिथे रोज कितीतरी माणसं रिक्षाने येतात, औषधं घेतात आणि रिक्षाने घरी जातात. सासरच्या लग्नात आता तो विनोद झाला की मी हे सांगते. जेवणाच्या पंगतीत शांतता पसरते, पण त्याला माझा इलाज नाही.

शंभर गुणांची गोष्ट मी लांबवत होते. काकूंची लेक ऐरोलीला राहते. शेवटी फोन केला तर म्हणाली, "या ना वहिनी, कधीपासून म्हणतेय." मी गेले. तिने चहा ठेवला. मी सगळं सांगितलं, बसा म्हटलं ते, आलेच म्हटलं ते, आणि गॅसचं. शंभर रुपयांच्या कागदाबद्दल बोलले नाही, तिच्या वडिलांचं नाव त्यात आहे. गॅसचं ऐकून ती आधी हसली. "आईच ती," म्हणाली. "माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मागून विचारलं होतं, घरचा गॅस बंद केलास ना?" मग ती रडली, मग मी. नंतर तिने विचारलं की आई किती वेळ बोलत होती. तिला ते वर्षभर कोणालाच विचारता आलं नव्हतं. मी सांगितलं. काही मिनिटं, आणि आवाज घाबरलेला नव्हता, वैतागलेला होता. हे खरं आहे, मी ते पुष्कळदा ऐकलंय.

निघताना कळलं की ती स्वतः फोन वाजला की थरथरते, कारण बातमी फोनवर आली होती. रिंगटोन बंद ठेवते, ऑफिसात त्यावरून मेमो मिळालाय. मी मॅडमचा नंबर दिला.

माझी गोळी आता डॉक्टर कमी करतायत. बरं वाटायला लागल्यावरही वर्षभर चालू ठेवायची असते, तशी ठेवली. फटाक्यांना अजून दचकते, स्लॅबचं काम चालू असलेल्या इमारतीखालून जात नाही, आणि ते सोडण्याचा माझा विचार नाही. काकूंची लेक गुरुवारी मॅडमकडे जाते. तिचा गृहपाठ म्हणजे रिंगटोन मोठी करून दिवसभर लोकांकडून फोन करवून घ्यायचे, म्हणून मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम करते. ती उचलते आणि आधी मला शिव्या घालते. "वहिनी, हे काय काढलंय तुमच्या मॅडमनी, डोकं उठलंय माझं." मी विचारते, "किती?"

"साठ," म्हणते. "काल सत्तर होतं. ठेवा आता."